किल्लीवाल्याला कोंडून बरा करणारे

माशाला बुडवून मारायला निघालेली माणसं या जगात आहेत, आणि त्यांच्या दारावर भलीमोठी पाटीही असते. नाहीतर किल्लीवाल्याला कुलपात कोंडून त्याची दारू सोडवायची, ही अक्कल एरवी कुणाला सुचली असती?

या किल्लीवाल्याला सगळे खटकेराव म्हणत. बंद कुलपाला कान लावून, जीभ दाताखाली धरून ते तार फिरवत राहायचे, आणि आतला खटका पडला की लेकरू पहिल्यांदा बोलावं तशा कौतुकाने म्हणायचे, "हां, बोललं बघा!" दुकान एका जिन्याखाली. इतकं अरुंद की खटकेराव आत वळले तर बायकोला बाहेर उभं राहावं लागे. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, टेबलावर किल्ली कापायचं यंत्र, आणि यंत्राने खडबडीत सोडलेले दाते कानशीने घासत बसलेली बायको. बापाने धंदा शिकवताना एकच नियम सांगितला होता: जे उघडशील ते लावूनच हात धुवायचे. उघडं दार मागे टाकून जातो तो चोर, लावून जातो तो कारागीर. खटकेरावांनी जन्मात बाकी काही पाळलं नसेल, पण एवढं पाळलं.

आणि नेमक्या याच नियमाने त्यांचा घात केला.

झालं असं, की एका शिकवणीच्या बाईंची किल्ली घरात राहिली आणि दार बाहेरून लागलं. खटकेरावांना बोलावणं आलं. त्यांनी पाच मिनिटांत दार उघडलं. बाई म्हणाल्या, "थांबा हं, रिक्षात पिशव्या राहिल्यात," आणि खाली गेल्या. खटकेरावांनी सकाळपासून चढत्या भाजणीने घेतली होती. समोर मऊ कोच. त्यांनी सवयीने दार आतून लावून घेतलं, कोचावर टेकले आणि घोरायला लागले. बाई वर आल्या तर दार पुन्हा बंद. घंटा वाजवली, हाका मारल्या, शेजारपाजार गोळा झाला. शेवटी पलीकडच्या पेठेतून दुसरा किल्लीवाला आणावा लागला. किल्लीवाल्याला बाहेर काढायला किल्लीवाला! तो दुसरा अजून ती गोष्ट मिटक्या मारत सांगतो.

बाईंनी रीतसर तक्रार केली. दुसऱ्यांच्या घरांची कुलपं उघडायला परवाना लागतो, आणि तो देणारा अधिकारी काही दुधखुळा नव्हता. त्याने खटकेरावांचं परवान्याचं पुस्तक खणात टाकलं आणि म्हणाला, "सहा महिने. उपचार घेतल्याचा कागद आणा, आणि समितीसमोर हात चालवून दाखवा. नाहीतर हे पुस्तक विसरा."

आता किल्लीवाल्याचा परवाना जाणं म्हणजे नुसती कमाई जाणं नव्हे. ज्या माणसाला अख्खी वस्ती आपल्या घराचं दार उघडायला बोलावते, त्याला उद्यापासून कुणी उंबऱ्यावरही उभं करणार नाही, हा त्याचा अर्थ. खटकेराव रिकाम्या हाताने घरी आले तेव्हा पहिल्यांदाच शुद्धीत असूनही त्यांना जिना चढवेना.

तसे उपाय आधीही झाले होते. घरात एक मेहुणा असला की उपायांना तोटा नसतो. हा मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. कुणाला काय झालं तरी याच्या खिशात त्यावरचा पत्ता तयार. त्याने एक पूड आणली होती. "न सांगता चहात घाल. दारूचा वासही नको होईल." बायकोने पंधरा दिवस घातली. चहा असा कडू जहर व्हायचा की खटकेरावांनी चहाच सोडला. दारू होती तिथे राहिली, व्यसन सुटलं ते चहाचं! मेहुणा म्हणाला, "सुरुवात तर झाली!"

मग खटकेरावांच्या थोरल्या ताईचा उपाय. तिने भावाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. खटकेरावांनी घेतली, मनापासून घेतली, डोळ्यांत पाणी आणून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मोडली. त्याच आठवड्यात ताईला सर्दी झाली. तिने ती सर्दी भावाच्या नावावर टाकली आणि आठ महिने अबोला धरला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही अख्ख्या वस्तीची दारं उघडता. तुमची ताई, म्हणजे माझी नणंद, शिंकली तरी आता ती तुमची चूक. बघा जमलं तर तेही कुलूप उघडून."

तर परवान्याचं कळताच मेहुणा धावत आला. "दाजी, आता हयगय नाही. मी एक केंद्र बघितलंय. शंभर टक्के खात्री! एक महिना आत, आणि बाहेर येताना सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. अधिकारी बघूनच सलाम ठोकेल."

"आत काय करतात?" बायकोने विचारलं.

"सोडवतात."

"कशी?"

"अगं, बंद ठेवतात! तीन कुलपं आहेत, तीन! माणूस बाहेरच पडला नाही तर पिणार कुठून?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने जमिनीकडे. हसू कुणालाच आलं नाही, पण दोघांच्याही मनात एकच आलं असणार.

केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम, आत पलंग टाकलेलं. संचालक आधी पंखे विकायचे, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकू लागले, आणि आता माणसं शुद्ध करत होते. आवाज मात्र तोच, दारावर विकायला आलेल्याचा. पहाटे शिट्टी, थंड पाण्याची आंघोळ, मग सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं, "मी दुबळा आहे, मी घरादाराला छळलं आहे." मग तेच वहीत शंभरदा लिहायचं. डॉक्टर? आठवड्यातून एकदा कुणीतरी यायचा, वजन करायचा आणि जायचा. जणू दारू किलोवर मोजतात. "दारू हा रोग नाही," संचालक टेबलावर मूठ आपटून सांगायचे, "ती शरम आहे! ज्याला शरम आहे त्याची सुटते!" बेशरमांची मग काय वाट? तर त्यांच्यासाठी पहिलवान. म्हणजे गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घालून फिरणारा एक आडवा गडी.

खटकेरावांनी पहिल्याच दिवशी तिन्ही कुलपं नजरेखालून घातली आणि त्यांना धंद्याची लाज वाटली. खोलीचं कुलूप, बोळाचं कुलूप, फाटकाचं कुलूप; एकापेक्षा एक मोठं आणि आत तितकंच पोकळ. मोठं कुलूप बघून भिणारा माणूस आणि मोठा आवाज ऐकून भिणारा माणूस एकाच माळेचे मणी. बादलीच्या कडीची वीतभर तार त्यांनी काढली, सांडपाण्याच्या जाळीवर घासून टोक चपटं केलं आणि गादीखाली ठेवली.

दुपारी दोन ते चार मौनचिंतन असायचं. म्हणजे रुग्णांना खोलीत कोंडायचं, आणि पहिलवानाने कचेरीत पंख्याखाली मौन पाळायचं. त्याचं मौन बोळापर्यंत ऐकू यायचं. सव्वादोनला बाकीच्यांना डुलकी लागली की खटकेराव उठले. एक कुलूप, दुसरं, तिसरं. "बोललं" म्हणायचीही गरज नव्हती, बिचारी आधीच बोलायला टपलेली. बाहेर पडल्यावर तिन्ही पुन्हा लावली, कोपऱ्यावरच्या गुत्त्यात बसले, बेताची घेतली, पावणेचारला परतले, तिन्ही उघडली, तिन्ही लावली आणि डोळे मिटून चिंतनाला बसले.

पळून का गेले नाहीत? प्रमाणपत्र हवं होतं ना! आणि प्यायल्याशिवाय हात कापायचे. गेली कित्येक वर्षं रोजची घेतल्याशिवाय त्यांच्या हातात तार स्थिर राहत नव्हती. त्यांचा ठाम समज होता की आपली कला बाटलीत आहे. कला टिकवायला बाटली, बाटली सोडल्याचा कागद मिळवायला केंद्र, आणि केंद्रात टिकायला कला. असा झकास हिशेब त्यांनी बसवला होता. स्वतःला फसवणारा माणूस किती कामसू असतो, ते अशा वेळी बघावं.

गंमत पुढेच आहे. बाकीचे नवे रुग्ण पहिल्या चार दिवसांत घामाघूम व्हायचे, थरथरायचे, ओकायचे. खटकेराव टवटवीत! संचालकांना तर घबाड सापडलं. रोज सकाळी त्यांना समोर उभं करून ते सांगायचे, "बघा या गृहस्थांकडे! पंचवीस वर्षांची दारू, आणि हात बघा, दगडासारखा! याला म्हणतात मनोबल! आणि तुम्ही? तुमची थरथर म्हणजे नुसती सोंगं!" सगळे खटकेरावांच्या हाताकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. दुसऱ्या आठवड्यात तर नव्या रुग्णांच्या नातेवाइकांसमोर त्यांचं भाषण ठेवलं. ते दुपारच्या चिंतनानंतर, म्हणजे चांगल्या रंगात, वीस मिनिटं बोलले. एक आजोबा रडले. मेहुणाही रडला.

मग गुरुजी आले. गणिताचे शिक्षक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, उंच, काठीसारखे. लेकाने आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पेला हातात टिकेना. तिसऱ्या दिवशी सकाळपासून अंगातून घामाच्या धारा, आणि भिंतीवरच्या मुंग्या मोजायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. "सातशे बारा," ते म्हणायचे, "एक निसटली."

पहिलवान म्हणाला, "नाटक."

संचालकांनी खटकेरावांचा हात धरून गुरुजींच्या नाकासमोर नेला. "गुरुजी, शाळेत मुलांना शिकवता ना? मग जरा शिका! हा माणूस किल्ल्या घासतो, चार बुकं शिकला नाही. याचा हात बघा आणि तुमचा बघा. लाज वाटत नाही?"

गुरुजींनी तो हात बघितला. आणि थरथरत म्हणाले, "खरं आहे. मीच नालायक."

खटकेरावांच्या मनात तेव्हा काय आलं ते त्यांनी पुढे एकदाच सांगितलं. ते म्हणाले, दोन चोर एका घरात शिरावेत आणि पकडल्यावर एकाने दुसऱ्याला उपदेश करावा, तसं वाटलं. पण तोंड उघडलं नाही. प्रमाणपत्राला तेरा दिवस राहिले होते.

त्याच दुपारी सव्वादोनला ते तार घेऊन उठले, तर मागे धाडकन आवाज झाला. गुरुजी पलंगावरून खाली. डोळे पांढरे, दातखीळ, सगळं अंग ताडताड उडतंय, तोंडाला फेस. खोलीतल्या सात जणांनी दार बडवायला सुरुवात केली. कचेरीतून पहिलवान ओरडला, "मौन!"

"अरे, माणूस मरतोय!"

"दोन ते चार मौन!"

एका निवृत्त बसचालकाने गुरुजींना कुशीवर वळवलं आणि खटकेरावांकडे बघितलं. खटकेरावांच्या हातात तार होती. आता ती लपवायची, की सगळ्यांसमोर वापरायची? वापरली की दोन आठवड्यांचं मनोबल चव्हाट्यावर. प्रमाणपत्र गेलं, परवाना गेला. त्यांनी किती वेळ विचार केला याबद्दल मतभेद आहेत. बसचालक म्हणतो, अजिबात नाही. खटकेराव स्वतः म्हणतात, लाज वाटावी इतका वेळ केला.

पण उघडली. तिन्ही उघडली, आणि जन्मात पहिल्यांदा तिन्ही तशीच उघडी टाकली. बसचालकाने पाय धरले, खटकेरावांनी खांदे, रस्त्यावरचा टेम्पो थांबवला आणि पहिलवान जागचा हलेपर्यंत गुरुजींना सरकारी दवाखान्याच्या दारात नेऊन उतरवलं. मागे केंद्रात निम्मे रुग्ण पांगले. संचालक आले तेव्हा उरलेले रुग्ण उघड्या दारासमोर बसून "मी दुबळा आहे" लिहीत होते. शंभर पुरे झाले नव्हते म्हणून!

दवाखान्यात दारूच्या रोग्यांची डॉक्टर म्हणजे एक बुटकी, सर्दी झालेली बाई. पायात खेळाचे बूट, खिशात रुमाल. तिने गुरुजींना सुई दिली, आत पाठवलं आणि बाहेर येऊन खटकेरावांना विचारलं, "किती वर्षं पितात हे? शेवटची कधी घेतली?"

"तीन दिवस झाले. आमच्या केंद्रात बंद आहे."

"एकदम बंद? औषध न देता?"

"शरमेने सोडवतात."

बाई शिंकली. "रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तोडून त्याला कोंडलं, तर आकडी येते, भास होतात, माणूस जातोही. त्याला उतरायला औषध लागतं, आणि शेजारी लक्ष ठेवणारं माणूस लागतं. शरम ही काय गोळी आहे होय?" मग तिने त्यांचा चेहरा निरखला. "तुम्हीही तिथलेच ना? तुम्ही कधी घेतली शेवटची?"

खटकेरावांनी इकडे तिकडे बघितलं. "काल. दुपारी तीनला."

"केंद्रात?"

"केंद्रातूनच."

बाईने त्यांच्या हातातली तार बघितली, कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसली. दोन आठवड्यांत खटकेरावांना बघून हसलेलं ते पहिलं माणूस. "बसा," ती म्हणाली. "आणि आपल्या मनाने आज एकदम सोडू नका, नाहीतर उद्या तुम्हाला कुणीतरी टेम्पोतून आणेल. पलंग रिकामा आहे. आजपासून मोजून औषध देऊ."

पहिल्या दिवशी वॉर्डात त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर दाराचा. दाराला कुलूपच नव्हतं. कडी होती, तीही लागत नव्हती.

"बाई, हे दार उघडंच असतं?"

"मग?"

"मी पळून गेलो तर?"

"जा की. उद्या सकाळी नऊला तपासणी उघडते, तेव्हा परत या."

खटकेरावांना चोरून करावं असं काही उरलंच नाही. उघड्या दाराला तार लावून काय करणार? दहा दिवस ते तिथे राहिले. हात कापले, झोप उडाली, ओकले. मग औषधाने हळूहळू उतरलं. बायको रोज डबा घेऊन यायची. म्हणायची, "पंचवीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा चार तास एका जागी सापडताय. मला तर नवऱ्याशी ओळखच करून घ्यावी लागतेय."

दहा दिवसांनी घरी सोडलं, पण दर आठवड्याला यायचं ठरलं. तिथे एक समुपदेशक होता, तरुण, वही घेऊन बसणारा. तो विचारायचा, "मनाला कसं वाटतं?" खटकेराव म्हणायचे, "मनाला काय वाटायचंय? मन काय पाहुणा आहे?" असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात त्या पोराच्या टेबलाचा खण अडकला होता. खटकेराव खाली वाकून खीळ काढायला बसले, हात चालायला लागले आणि हातांबरोबर तोंडही चाललं.

सहा वर्षांपूर्वी एका इमारतीतल्या शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. एकट्या राहणाऱ्या एका म्हातारबाईंचं दार वाजवून उघडत नाही, म्हणाले. खटकेराव दुसऱ्या कामात होते. "उद्या बघू" म्हणाले. उद्याचं परवा झालं. मग पोलिसांचंच बोलावणं आलं. दार त्यांनीच उघडलं, आणि अशा वेळी पहिलं आत कोण डोकावतं? ज्याच्या हातात किल्ली तो. बाई दाराशीच पडलेल्या, हात कडीकडे. नंतर शेजाऱ्यांना लोकांनी धीर दिला, पोलिसांनी चहा घेतला, खटकेरावांची सही घेतली आणि त्यांना सांगितलं, "तुम्ही निघा आता, तुमचं काम झालं." तशी दारू आधीपासून होती, पण संध्याकाळची. सकाळची त्या दिवसानंतर लागली.

"घरी सांगितलं होतं?" पोराने विचारलं.

"काय सांगू? दार उघडलं, एवढंच काम माझं."

आता बघा. चहात पूड घातली गेली, डोक्यावर हात ठेवले गेले, वह्या भरल्या गेल्या, तीन कुलपं लागली. या सगळ्या शहाण्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, सकाळी सकाळी का घेतोस? सगळे बाटलीवर तुटून पडले. बाटली धरणाऱ्या माणसाला कुणी काही विचारेना. डॉक्टरबाईने मनाच्या उदासपणावरची गोळी सुरू केली, समुपदेशकाने दर गुरुवारची वेळ दिली, आणि तिथे दारू सोडू बघणाऱ्यांची बैठक असायची तिच्यातही बसवलं. बैठकीत गुरुजी होते. मुंग्या गेल्या होत्या. खटकेरावांनी सगळ्यांसमोर त्यांना तो दगडासारख्या हाताचा किस्सा खरा खरा सांगितला. गुरुजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. तुमच्या उत्तरपत्रिकेत कॉपी होती."

इथे गोष्ट संपली असती तर संचालकांच्या माहितीपत्रकात शोभली असती. पण सातव्या आठवड्यात खटकेरावांनी पुन्हा घेतली. कारण? काही नाही. गल्लीत कुणाचं तरी दार बडवल्याचा आवाज आला, एवढंच. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून दवाखान्यात गेले, शिव्या खायच्या तयारीने. डॉक्टरबाई म्हणाली, "मलेरियाचा ताप उलटला तर आम्ही रोग्याला थोबाडीत मारत नाही. किती घेतली, कधी घेतली, त्याआधी काय झालं, ते सांगा." आणि लिहून घेतलं. खटकेरावांना वाटलं, थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

सहा महिने भरत आले तसा मेहुणा पुन्हा उगवला. बगलेत एक नळी. उघडली तर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र! "श्री. अमुक हे पूर्णपणे व कायमचे व्यसनमुक्त झाले आहेत." खाली संचालकांची वळणदार सही.

"हे कसं दिलं त्यांनी?" बायकोने विचारलं. "हे तर कुलपं तोडून आलेत."

"तोडून नाही, उघडून," खटकेराव पुटपुटले.

"अगं, मोठं मन आहे माणसाचं! एकच अट आहे, त्या मास्तरच्या आकडीबद्दल कुठे बोलायचं नाही. त्यांनाही शंभर टक्के राखायचेत ना! दाजी, हे द्या आणि मोकळे व्हा."

दवाखान्याचा कागद शेजारीच पडला होता. साधा, करडा, शाई फुटलेला. "उपचार चालू. मध्ये एकदा पुन्हा मद्यपान. त्यानंतर औषध व भेटी नियमित. नैराश्यावरही उपचार चालू." हा कागद दिला तर कोण परवाना देईल? बायको दोन्ही कागद बघत राहिली. म्हणाली, "मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढे जन्मभर माझ्या नावाने खडे फोडाल."

समितीच्या खोलीत लांब टेबल, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत तोच अधिकारी. खटकेरावांच्या पिशवीत दोन्ही कागद होते. त्यांनी करडा काढून ठेवला.

अधिकाऱ्याने वाचला. पुन्हा वाचला. "मध्ये एकदा घेतली, असं लिहिलंय."

"हो साहेब."

"हे तुम्ही वाचून आणलंत?"

"वाचून आणलं."

"मेहुणे बाहेर सांगत होते, सोनेरी प्रमाणपत्र आहे म्हणून."

"आहे. ते खोटं आहे. आणि तिथे एका मास्तरचा जीव जाता जाता राहिला, तेही लिहून घ्यायचं असेल तर घ्या. मी सही करतो."

अधिकाऱ्याने कपाटाकडे बोट केलं. "त्या केंद्राची या वर्षात सहा आलीत. सगळे कायमचे मुक्त. त्यातला एक तर इथे या खुर्चीवरूनच पडला." मग त्याने एक कुलूप पुढे सरकवलं. "चालवा हात. दहा मिनिटं."

हात कापला. बाटली नव्हती, गोळी होती, आणि गोळी काही जादू नव्हे. खटकेरावांनी तार घातली, निसटली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. पूर्वी हे कुलूप त्यांनी दीड मिनिटात उघडलं असतं. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं, श्वास सोडला, थरथर येऊन जाऊ दिली आणि मधल्या फटीत कुलपाच्या आतली एकेक पट्टी उचलली. साडेनऊ मिनिटं झाली तेव्हा कडी वर उडाली. इतकी वर्षं जी बाटलीत आहे म्हणून जपली, ती कला मनगटातच होती. फक्त सावकाश चालत होती.

अधिकाऱ्याने परवान्याचं पुस्तक खणातून काढलं, आणि देण्याआधी त्यावर शेरा लिहिला. दुकानात बसून किल्ल्या करायला मुभा. लोकांच्या घरी जाऊन दार उघडायचं ते आणखी सहा महिन्यांनी, असाच करडा कागद पुन्हा आणल्यावर. तक्रार वेगळी लिहून घेतली, तिच्यावर खटकेरावांची सही घेतली.

बाहेर मेहुण्याने डोक्याला हात लावला. "अर्धाच? अहो दाजी, पिशवीत सोनं असताना माती काढून दिलीत! तुम्हाला बरं करून काय उपयोग झाला?"

"दादा," बायको म्हणाली, "तू आता घरी जा. आणि कुणाचा पत्ता खिशात असेल तर तिथे तू स्वतःच जाऊन भरती हो."

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली: घरी येऊन कुलूप उघडून मिळणार नाही. दुपारपर्यंत चार माणसं पाटी वाचून परत गेली. पाचवी एक आजी होती, हातात पिशवी, नाकावर चष्मा. तिने पाटी वाचली, पण परत गेली नाही.

"का हो येत नाही घरी?"

खटकेरावांनी कानस खाली ठेवली. बायको बाहेर उभी होती, ती आत बघायला लागली.

"दारूवर उपचार चालू आहेत, आजी. सहा महिने लोकांच्या घरी जायची परवानगी नाही."

आजीने चष्मा वर केला, त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग पिशवीतून आपल्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "हिच्या दोन करून द्या," ती म्हणाली आणि स्टूल ओढून अगदी समोर बसली, "पण माझ्या डोळ्यांदेखत."

"बघा की," खटकेराव म्हणाले आणि किल्ली यंत्राला लावली. किल्ल्या होईपर्यंत आजीने त्यांच्या हातावरून नजर हलवली नाही.